केप रॅथची होडी आणि मिनीबस: तीन तासांच्या सफरीसाठी दोन दिवस

स्कॉटलंडच्या वायव्य टोकाला डर्नेस नावाचे गाव आहे. वस्ती चारशेच्या आतच. तिथून केप रॅथच्या दीपगृहापर्यंत जायचे तर आधी एक लहान होडी आणि पलीकडच्या काठावरून मिनीबस, अशी जोडसेवा उन्हाळ्याच्या महिन्यांत चालते. गेल्या जूनमध्ये मी, पत्नी, मेहुणी आणि साडू असे चौघे बडोद्याहून तिथे जाऊन आलो. आपल्या ओळखीतली बरीच मंडळी मुलांकडे लंडनला जातात, एडिंबराचा किल्ला पाहतात आणि फार तर इनव्हरनेसपर्यंत जाऊन परततात. त्याच्याही वर जाण्याची ज्यांची इच्छा आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. मत आधीच सांगून टाकतो. सेवा उत्तम आहे, पण ज्याला ती घड्याळाच्या काट्यावर हवी असेल त्याने त्या वाटेला जाऊ नये.

आमची आखणी बडोद्यातल्या एका सहल आयोजकाने करून दिली होती आणि तीत डर्नेसला एकच रात्र होती. नकाशावर इनव्हरनेसपासूनचे अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास दिसते, तेव्हा सकाळी निघून दुपारी होडी गाठता येईल, असा त्याचा हिशेब असावा. पण लेर्गच्या पुढे रस्ता एकेरी होतो. एकेरी म्हणजे खरोखर एका गाडीपुरता. समोरून गाडी आली की जवळच्या रुंद केलेल्या जागेत थांबून तिला वाट द्यायची आणि दोन्ही चालकांनी हात वर करून आभार मानायचे, अशी तिथली पद्धत आहे. साडूंनी पहिल्या तासात इतके हात वर केले की मेहुणी म्हणाली, "अहो, निवडणुकीला उभे राहिल्यासारखे काय करताय?" गंमत सोडली तर या रस्त्यावर ताशी पन्नास किलोमीटरची सरासरीही राखता येत नाही. आम्ही निघण्यापूर्वीच हट्टाने आणखी एक रात्र वाढवून घेतली होती, म्हणूनच हे परीक्षण लिहिता येत आहे, कारण पहिल्या दिवशी वाऱ्यामुळे होडी सुटलीच नाही.

होडी न सुटण्याची कारणे तीन असू शकतात आणि तिन्ही समजून घेतली तर चिडचिड होत नाही. पहिले कारण वारा. दुसरे भरती-ओहोटी. गाव आणि केप रॅथ यांच्यामध्ये काइल ऑफ डर्नेस नावाची खाडी आहे. ओहोटीला तिचे पाणी इतके ओसरते की मैलोगणती ओली वाळू उघडी पडते. आपल्याकडच्या ज्यांनी कावी-कंबोईला भरतीत पाण्याखाली जाणाऱ्या स्तंभेश्वराचे दर्शन भरतीची वेळ विचारून घेतले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. तिसरे कारण मात्र आपल्या कल्पनेत सहसा येत नाही. खाडीपलीकडचा बराचसा प्रदेश लष्कराच्या सरावाचे क्षेत्र आहे. तिथे युद्धनौका आणि विमाने खऱ्या दारूगोळ्याचा सराव करतात आणि सरावाच्या दिवसांत प्रवाशांना प्रवेश नसतो. त्यामुळे निघण्याआधी सरावाचे वेळापत्रक पाहणे आणि त्या दिवशी सकाळी पुन्हा चौकशी करणे या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत.

अडकून पडलेला तो दिवस वाया गेला नाही. गावाच्या पूर्व अंगाला स्मू नावाची गुहा आहे. तिचे तोंड सुमारे ४० मीटर रुंद आणि १५ मीटर उंच आहे. बाहेरचे दालन समुद्राने कोरले आहे, तर आतली दालने चुनखडकात मुरणाऱ्या गोड्या पाण्याने. दोन वेगळ्या पाण्यांनी दोन बाजूंनी पोखरत येऊन एकच गुहा घडवावी, हे पाहताना मी बराच वेळ तिथेच रेंगाळलो. दुसऱ्या दालनात छताच्या भोकातून ओढा सुमारे २० मीटर खाली कोसळतो. आदल्या रात्री पाऊस झाल्यामुळे त्याचा आवाज इतका होता की आम्ही खुणांनीच बोलत होतो. अगदी आत नेणारी छोटी होडी पाणी वाढले की बंद असते आणि त्या दिवशी ती बंदच होती. बाहेरचे दालन मात्र केव्हाही, पैसे न देता पाहता येते.

दुपारी बालनाकीलला गेलो. पांढऱ्या वाळूचा लांब किनारा, त्याच्या कडेला १६१९ मधल्या चर्चची छप्पर उडालेली भिंत आणि आवारात रॉब डॉन या गेलिक कवीचे स्मारक. १७७८ मध्ये वारलेल्या या कवीला लिहिता-वाचता येत नव्हते. त्याची कवने लोकांच्या तोंडी राहिली आणि ती पुढे ऐकून उतरवून घेण्यात आली. शाहिरांची आणि ओव्यांची परंपरा असलेल्या भाषेत वाढलेल्या माणसाला तिथे परकेपणा वाटत नाही. शेजारीच शीतयुद्धाच्या काळात सैन्यासाठी बांधलेल्या बसक्या काँक्रीटच्या बरॅकी आहेत. त्यांत आता कारागीर राहतात आणि वस्तू विकतात. तिथले गरम चॉकलेट फार दाट असते, चौघांत दोन पेले पुरतात.

किनाऱ्यावरून पूर्वेकडे गेल्यास केनाबिन या उजाड वस्तीचे अवशेष लागतात. जमीन मेंढ्यांच्या चराईसाठी मोकळी करण्याकरिता कुळांना उठवण्याचा जो प्रकार हायलंड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, दीर्घकाळ चालला, त्याला इथल्या लोकांनी १८४१ मध्ये विरोध केला होता आणि त्यात बायका पुढे होत्या. हे वाचल्यावर आजूबाजूच्या ओसाड सौंदर्याकडे पाहण्याची नजर थोडी बदलते. ही जमीन सगळीच पूर्वीपासून रिकामी नव्हती.

दुसऱ्या दिवशी वारा पडला आणि होडी सुटली. किओलडेलचा धक्का गावापासून सुमारे तीन किलोमीटरवर आहे. होडी अगदी लहान. तीत मोजकीच माणसे बसतात आणि गाडी नेण्याचा तर प्रश्नच नाही. जो आधी येईल त्याचा आधी क्रमांक लागतो, म्हणून आम्ही वेळेच्या तासभर आधी जाऊन उभे राहिलो. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की चढउतार ओल्या धक्क्यावरून करावी लागते. हात द्यायला माणूस होता आणि पत्नीला त्याने फार अदबीने उतरवून घेतले. पाण्यावरचा प्रवास काही मिनिटांचाच आहे, पण वारा कपड्यांच्या आत शिरतो. जूनमध्येही लोकरी टोपी हवी.

पलीकडे मिनीबस उभी असते. दीपगृहापर्यंतचे अंतर ११ मैल, म्हणजे जवळपास १८ किलोमीटर आहे आणि त्याला सुमारे एक तास लागतो. यावरूनच रस्त्याची कल्पना यावी. हा रस्ता दीपगृहाबरोबरच झाला. त्याला खड्डे आहेत म्हणण्यापेक्षा खड्ड्यांच्या मधून थोडा रस्ता आहे, असे म्हणणे बरोबर होईल. गाडी खडखडते, पाठ जपावी लागते. पण चालक गाडी चालवता चालवता जे सांगत होता ते ऐकण्यासारखे होते: सरावाचे नियम, दलदलीतले पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, किअरव्हेगच्या किनाऱ्यावर पायी भटकणाऱ्यांनी रात्री मुक्काम करायचे साधे घर. दोन्ही बाजूंना झाड नाही, वस्ती नाही, फक्त तपकिरी माळ आणि मधूनच हरणे. मेहुणीला तासाभराने कंटाळा आला, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. मला आला नाही.

केप रॅथमधल्या 'रॅथ'चा इंग्रजीतल्या क्रोधाशी संबंध नाही. तो वळण या अर्थाच्या जुन्या नॉर्स शब्दावरून आला आहे, कारण व्हायकिंगांची जहाजे इथे दिशा बदलून दक्षिणेकडे वळत. दीपगृह रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी बांधले आणि ते १८२८ मध्ये सुरू झाले. १९९८ पासून ते स्वयंचलित आहे. पांढरा मनोरा स्वतः २० मीटरच उंच आहे, पण कड्यावर उभा असल्यामुळे त्याचा दिवा समुद्रसपाटीपासून १२२ मीटरवर येतो. त्याच्या पायथ्याचे काळपट खडक लुईशियन नाइस या प्रकारचे आहेत. या प्रकारच्या खडकांचे वय सुमारे ३ अब्ज वर्षांपर्यंत जाते. त्यांतून गुलाबी ग्रॅनाइटच्या शिरा नागमोडी गेलेल्या दिसतात. पूर्वेकडे क्लो मोरचे कडे २८१ मीटर उंच आहेत आणि ब्रिटनच्या मुख्य भूमीवर समुद्रात तुटणारे त्यांहून उंच कडे नाहीत. बसच्या ठरलेल्या थांब्यातून ते पूर्ण दिसत नाहीत, ही माझी या सफरीविषयीची मुख्य तक्रार. त्यांच्या काठापर्यंत जायचे तर स्वतःच्या पायांनी बराच माळ तुडवावा लागतो आणि त्यासाठी दिवस मोकळा हवा. दीपगृहापाशी वेळ तासापेक्षा कमीच मिळाला. कड्याकाठी कठडा नाही, त्यामुळे लहान मुलांना हाताशी धरूनच ठेवावे.

तिथेच ओझोन नावाचे छोटे उपाहारगृह आहे. शाकाहारी माणसाने तिथून फार अपेक्षा ठेवू नये. आम्ही चहा घेतला आणि डब्यातली मेथीची थालीपिठे काढली. चहा चांगला होता. त्याच वेळी तीनशे किलोमीटरहून अधिक चालून आलेले दोन तरुण पाठीवरच्या पिशव्या टाकून भिंतीला टेकले. फोर्ट विल्यमहून निघणारी पायवाट इथे संपते. पत्नीने त्यांना एकेक थालीपीठ दिले. ते त्यांनी ज्या वेगाने संपवले त्यावरून तिखट फार झाले नसावे.

परतताना ओहोटी लागली होती. खाडीच्या मधोमध वाळूचे पट्टे वर आले होते आणि त्यांवर सील पहुडले होते. होडी त्यांना वळसा घालून गेली, त्यामुळे जाताना लागला त्याच्या दुप्पट वेळ लागला. पैसे किती, याचा आकडा देत नाही, कारण तो हंगामागणिक बदलतो. होडीचे आणि बसचे भाडे वेगवेगळे द्यावे लागते, एवढे लक्षात असू द्यावे. रोख पौंड जवळ ठेवावेत आणि मोबाईलच्या जोडणीवर विसंबू नये. वारा पडल्यावर मिज नावाचे बारीक चावरे कीटक घोंघावतात, त्यांच्यासाठी चेहऱ्यावरची जाळी इनव्हरनेसलाच विकत घ्यावी. आणि डर्नेसला मुक्काम किमान दोन रात्रींचा ठेवावा, सरावाचे दिवस जवळ असतील तर तीन.