नाशिकच्या कॉलेज रोडवरचा एफवायबीएस्सी केमिस्ट्रीचा क्लास

बारावीपर्यंत मोल (अणू-रेणू मोजायचं एकक) म्हणजे माझ्यासाठी नुसतं घोकायचं प्रकरण होतं. इथे पहिल्याच तासाला सरांनी काट्यावर 18 ग्रॅम पाणी तोललं आणि म्हणाले, "हा एक मोल." एवढ्याशा घोटभर पाण्यात 6.022 × 10²³ रेणू! त्या दिवसापासून गणितं सुटायला लागली.

आमची निफाडला द्राक्षबाग आहे. बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं फवारणीचं औषध) कालवलं की पप्पा त्यात लोखंडी विळा बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर आला की आणखी चुना घालायचा. लहानपणापासून बघत आले, पण कारण इथे कळलं. चुना कमी पडला तर मोरचुदातलं तांबं द्रावणात मोकळं राहतं, ते लोखंडावर चढतं आणि लोखंड विरघळतं. मी हे सांगितल्यावर सरांनी अख्खा तास त्यावरच घेतला. मला फार भारी वाटलं.

ब्युरेटचं (द्रावण मोजून सोडायच्या काचेच्या नळीचं) रीडिंग एकेकाला उभं करून शिकवतात. एरवी नळीतल्या द्रावणाच्या वाकलेल्या पृष्ठभागाची खालची कड बघायची, परमँगनेटचं द्रावण गडद रंगाचं म्हणून वरची.

ऑरगॅनिक मात्र शेवटच्या दोन आठवड्यांत उरकलं, ते मला अजिबात पटलं नाही. एका बेंचवर चौघं बसतात. निफाडहून एसटीने येणार असाल तर साडेआठची बॅच घ्या, सातची गाठता येत नाही.