नवीन डीओ कॉलेजात ‘सीट धरून देतो’ म्हणणाऱ्याला आम्ही ६,००० डॉलर दिले

परवा आमच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला, "नवीन ऑस्टियोपॅथिक मेडिकल कॉलेज, पहिली बॅच, मोजक्या सीट्स, लवकर संपर्क करा". वाचून हातपाय गार पडले. हाच मेसेज, अगदी हेच शब्द, तीन वर्षांपूर्वी आम्हाला आले होते, फक्त कॉलेजचं नाव वेगळं होतं. म्हणून सगळं लिहितेय, ज्यांची मुलं इथे अमेरिकेत प्री-मेड, म्हणजे मेडिकलच्या आधीचं कॉलेज, करतायत त्यांनी पूर्ण वाचा.

आम्ही न्यू जर्सीत असतो. लेकीचा एमकॅट, म्हणजे इथल्या मेडिकल प्रवेश परीक्षेचा स्कोअर, ५०३, कॉलेजचे मार्कही बरे, पण पहिल्या वर्षी एमडीच्या (इथली डॉक्टरकीची नेहमीची पदवी) एकाही कॉलेजातून इंटरव्ह्यू आला नाही. पोरगी खोलीतून बाहेर यायची नाही. डीओ, म्हणजे ऑस्टियोपॅथिक कॉलेजातून मिळणारी डॉक्टरकीची पदवी, याबद्दल तेव्हा आम्हाला फारसं माहीत नव्हतं, नाशिकला सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या डीओ म्हणजे डोळ्यांचा डिप्लोमा ना, कारण आपल्याकडे डीओ म्हणजे तेच. इथे डीओ म्हणजे पूर्ण डॉक्टर, औषधं देतात, ऑपरेशनं करतात, आणि २०२० पासून रेसिडेन्सी (पदवीनंतरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण) पण एमडीवाल्यांबरोबर एकाच व्यवस्थेत. १८९२ मध्ये मिझुरीतल्या कर्क्सव्हिलला अँड्र्यू टेलर स्टिल यांनी पहिलं कॉलेज काढलं, आता चाळीसच्या वर कॉलेजं झालीत आणि अजून निघतायत, कारण गावाकडे डॉक्टर मिळत नाहीत आणि स्वतःचं मोठं हॉस्पिटल न बांधता आसपासच्या हॉस्पिटलांशी करार करून कॉलेज सुरू करता येतं.

तर गणपतीत आरतीनंतर प्रसाद घेताना एका गृहस्थांची ओळख झाली. मराठीच, गोड बोलणारे. मी काळजीने बोलून गेले तर म्हणाले, "वहिनी, एवढं काय टेन्शन घेताय, नवीन कॉलेजांना पहिली बॅच भरायची घाई असते, आपली वरपर्यंत ओळख आहे." आठवड्याने घरी आले, चहा झाला, एक रंगीत ब्रोशर काढलं, इमारतीचं चित्र, खाली बारीक अक्षरात ‘कॅन्डिडेट स्टेटस’. ह्यांनी बोट ठेवून विचारलं पण, हे काय? ते म्हणाले मान्यता मिळाल्यातच जमा आहे, कागदपत्रांचं काम चालू आहे. आधी ४,००० फी, मग दोन महिन्यांनी २,००० ‘सीट डिपॉझिट’. दोन्ही झेलवरून, म्हणजे इथल्या बँकांच्या पैसे पाठवायच्या सोयीवरून, त्यांच्या स्वतःच्या नावावर. कॉलेजच्या नावाचं एक लेटर मिळालं, त्यावर लेकीचं नाव ठळक अक्षरात. ते लेटर मी देवापुढे ठेवलं होतं, आज सांगताना घसा दाटून येतो.

पैशापेक्षा जास्त नुकसान पुढे झालं. ते म्हणाले, दुसरीकडे अर्ज केला तर आमच्या कॉलेजला कळतं, मग सीट जाते. त्यामुळे लेकीने त्या वर्षी आकोमासवर, म्हणजे डीओ कॉलेजांचे अर्ज जिथे एकत्र भरतात तिथे, एकही अर्ज केला नाही. आमचं कॉलेज त्या यादीत दिसत नाही म्हटलं की उत्तर ठरलेलं, "येईल, येईल."

फेब्रुवारीत लेकीनेच न सांगता कॉलेजला फोन लावला. तिकडच्या बाईंनी दोनदा नाव विचारलं आणि म्हणाल्या, आम्हाला अजून अर्ज घेण्याचीच परवानगी नाही, पैसे कुठून घेणार, आमचा कुणी एजंट नाही. म्हणजे कॉलेजचा यात काही दोषच नव्हता. डीओ कॉलेजांना मान्यता देणारी संस्था कोका, तिच्या नियमाप्रमाणे ‘कॅन्डिडेट’ असताना कॉलेजला विद्यार्थी घेताच येत नाहीत. ‘प्री-अॅक्रेडिटेशन’ मिळालं की अर्ज उघडतात, आणि पूर्ण मान्यता पहिली बॅच बाहेर पडायच्या वेळी. कोणतं कॉलेज कुठल्या पायरीवर आहे ते कोकाच्या साइटवर सगळ्यांना दिसतं. पाच मिनिटांचं काम होतं आणि आम्ही ते केलं नाही.

पुढच्या मे महिन्यात लेकीने रीतसर अर्ज भरले, दोन ठिकाणी प्रवेश मिळाला, एक जुनं, एक नवीन पण प्री-अॅक्रेडिटेशन मिळालेलं. नवीन म्हणजे वाईट असं मी मुळीच म्हणत नाही. पण तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या रोटेशन्स, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रत्यक्ष शिक्षण, कुठे होणार हे आम्ही नवीन कॉलेजला तीनदा विचारलं, दर वेळी हॉस्पिटलांच्या नावांची लांबलचक यादी यायची, कुठल्या हॉस्पिटलात किती मुलं घेणार हा आकडा काही यायचा नाही. शेवटी लेकीने यादीतल्या एका हॉस्पिटलला विचारलं तर कळलं की तिथे फक्त दोन मुलांची सोय आहे. जुन्या कॉलेजने मात्र कुठली मुलं कुठे गेली आणि मॅचमध्ये (रेसिडेन्सीच्या जागा ठरतात त्यात) काय मिळालं ते वर्षवार दाखवलं. आम्ही तेच घेतलं, फी जास्त होती तरी. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे, कॉमलेक्सचा, म्हणजे डीओंच्या लायसन्सच्या परीक्षेचा, अभ्यास करतेय.

कर्जाचं पण आधी बघा. १ जुलै २०२६ पासून नवीन कर्ज घेणाऱ्यांना ग्रॅड प्लस हे सरकारी लोन मिळणार नाही, मेडिकलला सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण २,००,००० पर्यंतच. त्याच्या वर लागणाऱ्या पैशांसाठी प्रायव्हेट लोन काढावं लागणार. काही नवीन कॉलेजांना तर सुरुवातीला सरकारी कर्जच लागू नसतं, हे तोंडी नको, लेखी विचारून घ्या.

आमच्या पैशाचं काय झालं? बँक म्हणाली झेलवरून तुम्हीच पाठवलेत, आम्ही काही करू शकत नाही. त्या गृहस्थांकडे तगादा लावला तेव्हा ते १,००० परत द्यायला तयार झाले, पण एका कागदावर सही हवी होती. त्यात लिहिलं होतं की दिलेली रक्कम ‘करिअर समुपदेशना’ची होती आणि सेवा मिळाली. आम्ही वैतागलेले, थकलेले, केली सही. नंतर राज्याच्या ग्राहक विभागाकडे तक्रार केली तर त्या गृहस्थांनी तोच कागद पुढे केला. तुमच्यापैकी कुणी पैसे दिले असतील तर झेलचे स्क्रीनशॉट, लेटर, सगळे मेसेज जपून ठेवा, आधी तक्रार करा, आणि असला कागद समोर आला तर त्यावर सही करू नका.