घरी चांदीकाम शिकताय? तार विकत घेण्याआधी हे वाचा

लग्नानंतर आठव्या दिवशी माझ्या भाचीच्या पायांच्या बोटांना खाज सुटली. बाराव्या दिवशी जोडव्यांखालची कातडी लाल होऊन पाणी धरू लागली. रामदासपेठेतल्या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी बोटं पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "जोडवी कशाची आहेत?" मी शेजारीच बसले होते. म्हटलं, "चांदीची. ९२५, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. मी स्वतः केलीत." डॉक्टर म्हणाल्या, "हे निकेल धातूचं वावडं दिसतंय. चांदीनं सहसा असं होत नाही. जोडवी काढून ठेवा आणि एकदा तपासून घ्या."

ती जोडवी मी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराच्या गच्चीवर, माझ्या हातानं घडवली होती. मावशीची भेट म्हणून. मला चांदी म्हणून जे विकलं गेलं ते काय होतं, आणि ते ओळखायच्या किती संधी मी हातच्या घालवल्या, हे सगळं सविस्तर लिहिते आहे. माझ्यासारख्या बऱ्याच जणी हल्ली घरी हे काम शिकू लागल्या आहेत. त्यांच्यापर्यंत हे पोहोचलं पाहिजे.

मी दोन वर्षांपूर्वी सुरुवात केली ती तांब्याच्या तारेवर. वायरिंगच्या दुकानातून जाड तार आणली, वरचं आवरण सोललं आणि घरात होतं तेवढ्यावर काम सुरू केलं. खरं सांगते, घरातल्या वस्तूंनी मला एकदाही दगा दिला नाही. लोखंडी खलबत्त्याचा खल पालथा घातला की ऐरण तयार. लाटण्याची मूठ टोकाकडे निमुळती होत जाते, त्यामुळे तिच्यावर तार गुंडाळली की लहानमोठ्या मापाच्या अंगठ्या निघतात. लाटण्याच्या पोटावर मुलींच्या बांगड्या. हातोडीनं धातूवर वण उठतात, म्हणून गोलाई द्यायला आईचं कपडे धुवायचं लाकडी धोपाटणं घेतलं. त्यानं तार वाकते, पण चेपत नाही. तापवायला दोन भाजक्या विटा आणि केकवर साखर जाळायचा छोटा गॅस टॉर्च. तार ठोकून ठोकून कडक झाली की लाल होईतो तापवायची आणि पाण्यात टाकायची, ती पुन्हा मऊ होते. पण नागपूरच्या उन्हात गच्चीवर तो लालपणा दिसतच नाही, म्हणून दिवेलागणीनंतर बसायचं. खोलीत बसलात तर कूलर बंद करा, त्याच्या वाऱ्यानं ज्योत एका जागी ठरत नाही. तापल्यावरचा काळा थर काढायला व्हिनेगर आणि मीठ गरम करून काचेच्या भांड्यात घ्यायचं. ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही, माझ्याकडे त्यावर लाल रंगाचा पट्टा मारलेला आहे. शेवटी रिठ्याचं पाणी आणि जुना दातांचा ब्रश.

मग चांदीत हात घालायची इच्छा झाली. इतवारीची सराफा ओळ घरापासून वीस मिनिटांवर. पण तिथल्या कारागिराला दहा-पंधरा ग्रॅम तारेसाठी कसं थांबवायचं, तो काय म्हणेल, असा संकोच वाटायचा. त्या संकोचानंच मला मोबाईलवरच्या जाहिरातीकडे नेलं.

जाहिरात होती 'घरबसल्या चांदीचे दागिने शिका' अशी. किट ६,९०० रुपयांचं, सोबत व्हिडिओ आणि शंका विचारायला ग्रुप. शिवाय ९२५ शिक्क्याची चांदीची तार, इतवारीतल्या त्या दिवसाच्या भावापेक्षा ग्रॅममागे १४ रुपये कमी. मी किट घेतलं आणि १५० ग्रॅम तार घेतली, ११,७०० रुपयांची. एकूण १८,६००. घरपोच आल्यावर पैसे द्यायची सोय होती, पण थेट यूपीआयनं दिले तर डिलिव्हरी मोफत. मी थेट दिले.

किट उघडलं तेव्हाच खरं तर थांबायला हवं होतं. 'फ्लक्स', म्हणजे सांधा जोडताना लावायची पूड, असं लिहिलेल्या सुंदर बाटलीत टाकणखार होता. किराणा-जडीबुटीच्या दुकानात सवागी मागितली की पुडीत बांधून देतात तोच, बाटलीवर मात्र ४५० रुपयांचं लेबल. अंगठीचं माप घ्यायची लाकडी दांडी माझ्या लाटण्याच्या मुठीपेक्षा ओबडधोबड होती. पकडीच्या तोंडाला दाते होते. दागिन्याच्या कामाला गुळगुळीत तोंडाची पकड लागते, नाहीतर तारेवर जागोजागी खुणा उठतात. सामानाचा राग आला, पण तार झकास चमकत होती आणि बांधलेल्या चिठ्ठीवर ९२५ छापलेलं होतं, म्हणून गप्प बसले.

पुढचे इशारे एकेक करून सांगते, कारण प्रत्येकावर मला पटेल असं उत्तर तयार होतं.

तार तापवली की काळी पडायची. ग्रुपमध्ये विचारलं. उत्तर आलं, "ताई, ९२५ मध्ये ७.५ टक्के बहुधा तांबं असतं, ते काळं पडणारच." हे उत्तर खोटं नाही, आणि तीच त्यातली खोच होती. तांबं घातलेली चांदी तापल्यावर खरंच काळवंडते. खऱ्या गोष्टीच्या पदराआड खोटं झाकलं होतं.

नंतर तारेच्या टोकाला मणी करायला गेले. बारीक चांदीच्या तारेचं टोक ज्योतीत धरलं की ते वितळून आपोआप गोल थेंब होतो, फार देखणा दिसतो. माझ्या तारेचा थेंब होईना. लालभडक व्हायची, वरून काळा पापुद्रा यायचा, बस. ग्रुपमधून सांगितलं, "तुमचा टॉर्च लहान आहे, आमचा मोठा घ्या, २,२०० रुपये." शुद्ध चांदी साधारण ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, ९२५ त्याच्याही आधी, ९०० च्या आसपास. मला विकलेल्या धातूला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. दोष टॉर्चचा नव्हताच.

किटमधला टाका, म्हणजे सांधा जोडायला वितळवायचा धातू, तोही तसाच. चांदीचा टाका धातू चांगला लाल झाल्याशिवाय वाहत नाही. हा तार लाल व्हायच्या आधीच पाण्यासारखा पसरला. म्हणजे तो शिशा-कथिलाचा, रेडिओ दुरुस्तीवाले वापरतात तसला असणार. असा टाका चांदीवर राहिला आणि तो दागिना पुन्हा जोरात तापवला, तर शिसं चांदी खातं, खड्डे पडतात. मला तेव्हा वाटलं, काम सोपं झालं.

आणि लोहचुंबक! त्यांच्या व्हिडिओत तारेजवळ चुंबक धरून 'बघा, चिकटत नाही, अस्सल चांदी' असं दाखवलं होतं. मीही फ्रिजवरचं चुंबक लावून पाहिलं आणि निर्धास्त झाले. तांबं, पितळ, अॅल्युमिनियम यांतलं काहीच चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर चांदी नाही एवढंच त्यातून कळतं. न चिकटणं हा कशाचाच पुरावा नाही.

डॉक्टरांकडून निघून मी तशीच इतवारीला गेले. ज्या कारागिराच्या दुकानात शिरायला दोन वर्षं संकोचत होते, त्यांनी मला आधी पाणी दिलं. तारेचं उरलेलं वेटोळं हातावर झुलवून पाहिलं, कानशीनं एका जागी खोल घासलं, त्यावर तेजाबाचा थेंब टाकला. थेंब हिरवा झाला.

"ताई, चांदी नाही जी ही. जर्मन सिल्व्हर होय."

"त्यात चांदी किती असते, काका?"

"नावातच आहे तेवढी. बाकी काही नाही."

खात्रीसाठी त्यांनी मला जवळच्या तपासणी केंद्रात पाठवलं. तिथे यंत्रावर काही मिनिटांत आकडे मिळतात. घासलेल्या जागी तपासा असं काकांनी बजावून सांगितलं होतं, कारण वरून चांदीचा मुलामा असेल तर यंत्राला तोच आधी दिसतो. चिठ्ठी आली. तांबं साठ टक्क्यांच्या घरात, बाकी निकेल आणि जस्त. चांदीच्या रकान्यात शून्य. जर्मन सिल्व्हर म्हणजे हेच मिश्रण, आणि त्यातलं निकेल घामाबरोबर कातडीला लागतं. ज्याला त्याचं वावडं असेल त्याला पुरळ उठतं. भाचीचे पाय नव्या बुटांत, दिवसभर घामात होते.

त्या रात्री झोप आली नाही. उठून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यावर तपासणी करून पाहिली. तीच पद्धत इथे देते, कारण यात एक रुपया खर्च नाही.

केकसाठी घेतलेला माझा वजनकाटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवतो. वेटोळ्याचं वजन भरलं ६२.४ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणला. दोन डब्यांवर लाटणं आडवं टाकलं, त्याला दोऱ्यानं वेटोळं बांधून पाण्यात सोडलं, पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काचेला टेकणार नाही असं. काट्यानं ७.२ दाखवलं. ६२.४ ला ७.२ नं भागलं, म्हणजे तार तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या किती पट जड ते काढलं, की ८.७ च्या जवळ येतं. ९२५ चांदी असती तर उत्तर १०.३ ते १०.४ यायला हवं होतं, म्हणजे काट्यावर ६.० च्या आसपास. मग मुलाच्या उष्टावणाची चांदीची वाटी काढली. तिचं वजन ८४ ग्रॅम, पाण्यात ८.१. भागाकार १०.४.

वेटोळ्यात हवेचे बुडबुडे अडकले तर आकडा चुकतो, म्हणून ते आधी रिठ्याच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवून हलवून घ्या. आतून पोकळ किंवा खडे बसवलेल्या दागिन्याला ही रीत चालत नाही. तारेला आणि पत्र्याला उत्तम चालते. आणखी एक साधी खूण त्याच रात्री कळली. वाटीची कड आणि तारेचं टोक एकदमच गरम चहात धरलं. वाटीचा चटका बोटांना लगेच बसला, तारेचं दुसरं टोक बराच वेळ गार राहिलं. चांदीतून उष्णता फार झपाट्यानं जाते, जर्मन सिल्व्हरमधून हळू.

म्हणजे पैसे द्यायच्या दिवशी हा काटा, हे लाटणं आणि हा ग्लास माझ्या ओट्यावरच होते. तार आली त्या संध्याकाळी दहा मिनिटं काढली असती तर भाचीच्या पायात ती जोडवी गेली नसती. हे मला अजून फार लागतं.

सकाळी विक्रेत्याला फोन लावला. आधी "आमचा माल असा नसतोच" झालं, मग "बिल बघा". बिल काढलं. त्यावर 'सिल्व्हर टोन क्राफ्ट वायर' असं लिहिलं होतं. चांदी हा शब्दच नाही, ९२५ नाही, जीएसटी क्रमांक नाही. चांदीवर ३ टक्के जीएसटी लागतो. कर भरून घेतलेली चांदी बाजारभावाच्या खाली विकणं दुकानदाराला परवडेलच कसं, हा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता. दुपारपर्यंत मला ग्रुपमधून काढलं होतं.

सायबर फसवणुकीची तक्रार १९३० वर केली. फोन उचलणाऱ्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, पैसे कधी दिले? मी दिले त्याला तीन महिने झाले होते. फसवणूक कळताच लगेच फोन केला तर पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. माझे केव्हाच निघून गेले होते. तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वरही तक्रार केली. जाहिरातीचा स्क्रीनशॉट मी ठेवला नव्हता, तो ठेवायला हवा होता. चिठ्ठीवरचं ९२५ जपून ठेवलं होतं, आता तेवढाच पुरावा आहे. तुम्ही काही मागवलंत तर जाहिरात, गप्पा, पाकीट उघडतानाचा व्हिडिओ, सगळं ठेवा. आणि बिलावर धातूचं नाव, शुद्धता आणि वजन लिहून मिळत नसेल तर पैसे देऊ नका. चांदीला हॉलमार्क सक्तीचा नाही, त्यामुळे हौशी कामाच्या तारेवर तो बहुतेक नसतोच; म्हणून बिलावरचे हे तीन शब्द फार मोलाचे.

इतवारीतल्या काकांकडून आता मी २० ग्रॅमसुद्धा तार आणते. ते ती माझ्यासमोर जंत्रीतून, म्हणजे भोकांच्या पोलादी पट्टीतून, ओढून देतात, बिल देतात, आणि मी विचारलेलं काही त्यांना कधी क्षुल्लक वाटलेलं नाही. भाचीची नवी जोडवी त्याच तारेची केली. तिच्या पायांवरचे डाग अजून पुरते गेलेले नाहीत. घालशील का, असं तिला विचारायला मला धीर होत नव्हता. तिनंच फोन करून मागितली.

एक गोष्ट राहिली. त्या १५० ग्रॅममधून मी शेजारच्या तिघींना अंगठ्या करून दिल्या होत्या, चांदीच्या म्हणून, आणि पैसे घेतले होते. मला फसवलं गेलं हे खरं, पण त्यांच्या हातात शून्य चांदीची अंगठी माझ्या शब्दावर गेली. दोघींकडे मी तपासणीची चिठ्ठी आणि पैसे घेऊन गेले. एकीनं पैसे घेतले, दुसरी घेईना, तेव्हा तिच्या ओट्यावर ठेवून आले. दोघींच्या अंगठ्या परत आणल्या. तिसऱ्या वहिनी दिवाळीत बदली होऊन अमरावतीला गेल्या. त्यांना फोनवर सगळं सांगितलं, अंगठी आजच काढा म्हटलं. त्या म्हणाल्या, "अहो, पाठवा कधीतरी, घाई काय आहे?" रविवारी सकाळच्या बसनं मी जाते आहे. नवी अंगठी झाली आहे. काल रात्री ती लाटण्याला टांगून पाण्यात सोडून पाहिली.