लिटमन क्लासिक थ्री : स्टेथो चांगला, पण हाताला वळण हवं

वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षी शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकात रक्तदाब मोजायला स्टेथोस्कोप लागतो आणि तिथून इंटर्नशिप संपेपर्यंत तो विद्यार्थ्याच्या गळ्यातून उतरत नाही. (हे गळ्यात अडकवणंच पुढे नळीच्या मुळावर येतं, पण ते नंतर.) एवढ्या सगळ्या काळाला क्लासिक थ्री पुरतो. मेडिसिन, बालरोग, सर्जरी, प्रसूती अशा कोणत्याही पोस्टिंगमध्ये तो कमी पडत नाही. कमी पडतो तो बहुधा धरणाऱ्याचा हात.

नळीसकट लांबी ६९ सेंमी, वजन साधारण १५० ग्रॅम. चेस्टपीस (छातीवर टेकवायचा भाग) स्टेनलेस स्टीलचा आणि दुहेरी: मोठी बाजू ४.३ सेंमी व्यासाची, छोटी ३.३ सेंमीची. दोन्ही बाजूंना डायफ्राम (आवाज पकडणारा पातळ पडदा) आहे आणि दोन्ही डायफ्राम दाबाप्रमाणे वागणूक बदलणारे. या यंत्राचं सगळं मर्म तिथेच आहे. डायफ्रामची चकती कडेच्या लवचिक पट्टीवर तरंगती असते. चेस्टपीस नुसता टेकवला की चकती मोकळी हलते आणि खालच्या पट्टीतले, म्हणजे घुमणारे आवाज येतात. घट्ट दाबला की चकती आतल्या कडेला अडते, तिचं हलणं आखडतं, खालचे आवाज गळतात आणि वरच्या पट्टीतले उठून ऐकू येतात. चेस्टपीस न उलटता, फक्त बोटांचा जोर बदलून, एकाच जागेवर दोन्ही ऐकता येतं.

कागदावर सोपं वाटणारं हे तंत्र वॉर्डात नेमकं उलटं होतं. आवाज नीट येत नाही म्हटलं की नवशिका जोरात दाबतो, आणि जो आवाज शोधायचा तोच दाबून टाकतो. हृदयाचा तिसरा ठोका (एस थ्री) आणि मायट्रल स्टेनोसिसचा (मायट्रल झडप आकसल्याचा) घरघरता मर्मर, म्हणजे रक्तप्रवाहाचा जादा आवाज, हे दोन्ही खालच्या पट्टीतले. त्यांच्यासाठी रुग्णाला डाव्या कुशीवर वळवायचं, एपेक्स (हृदयाचं टोक) बोटाने शोधायचा आणि चेस्टपीस त्वचेला जेमतेम टेकेल इतकाच धरायचा. एओर्टिक रिगर्जिटेशनचा (एओर्टिक झडप गळत असल्याचा) मर्मर याच्या अगदी विरुद्ध: रुग्ण बसलेला, पुढे झुकलेला, श्वास सोडून थांबलेला, आणि डायफ्राम उरोस्थीच्या डाव्या कडेला बरगड्यांमधल्या तिसऱ्या फटीपाशी घट्ट दाबलेला. टेकवून धरल्यावर येणारा आणि दाबल्यावर नाहीसा होणारा आवाज खालच्या पट्टीतला असतो. ही अदलाबदल करून पाहायची सवय लागली, तर निदानाचा एक धागा तिथेच हाती येतो.

छोट्या बाजूचा डायफ्राम काढून तिथे बेल स्लीव्ह किंवा नुसतं रबरी कडं बसवलं, की ती बाजू पारंपरिक उघडी बेल (पडदा नसलेली पोकळ वाटी) होते. पदवीच्या विद्यार्थ्याने ती बेल करूनच ठेवावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. परीक्षक ‘बेलने ऐका’ म्हणतात तेव्हा हातात खरी बेल असलेली बरी. शिवाय हाडकुळ्या छातीवर किंवा हासळीच्या वरच्या खळग्यात मोठी चकती सपाट बसत नाही, बेल बसते. बालरोगाच्या पोस्टिंगला मात्र छोटा डायफ्राम परत लावावा. काढताना कड चिमटीत धरून सोलायची. लावताना एका बाजूने खाचेत अडकवून दोन्ही अंगठे कडेने फिरवत न्यायचे. कड कुठेतरी खाचेबाहेर राहिली की हवा गळते, आवाज पोकळ होतो आणि कधी कधी फुरफुरही ऐकू येते. आणि बेल असली तरी ती रुतवायची नाही. खाली ताणलेली कातडीच डायफ्रामचं काम करू लागते आणि खालचा आवाज पुन्हा गेलाच.

‘काहीच ऐकू येत नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: बाजू बंद आहे. एका वेळी एकच बाजू नळीला जोडलेली असते. दांडा एका हातात धरून चेस्टपीस ‘टक्’ आवाज होईपर्यंत फिरवला की बाजू बदलते. रुग्णाच्या अंगाला लावण्याआधी चकतीवर बोटाने हलकेच टिचकी मारून पाहावं. जोरात मारली तर कान बधिर होतील.

दुसरं कारण कानाशी असतं. कर्णनलिका पुढच्या दिशेला झुकलेली असते, म्हणून कानातली टोकं नाकाकडे वळलेली हवीत. उलटा घातला की टोक नलिकेच्या भिंतीवर टेकतं आणि सगळं दबक्या आवाजात येतं. टोकाचा आकार कानाला लहान पडला की वॉर्डातला गोंगाट आत शिरतो. पकड फार आवळत असेल तर दोन्ही धातूच्या नळ्या कानाजवळच्या वळणापाशी धरून सावकाश फाकवाव्यात; सैल असेल तर जवळ दाबाव्यात. मऊ टोकं बदलताना ती पक्की बसल्याची खात्री करावी, कारण सैल टोक कानातच राहू शकतं.

खोटे आवाजही ओळखायला शिकावं लागतं. केसाळ छातीवर चकती हलली की हुबेहूब क्रेप्स (फुप्फुसातले चरचरणारे आवाज) ऐकू येतात. केस ओले करावेत किंवा चेस्टपीस न हलवता जरा घट्ट धरावा. नळी पलंगाच्या कठड्याला, ॲप्रनच्या बटणाला घासली की घर्षणध्वनीसारखं काहीतरी कानी येतं. क्लासिक थ्रीची नळी एकपदरी आहे. लिटमनच्याच महागड्या कार्डिऑलॉजी फोर या स्टेथोमध्ये एकाच नळीत दोन मार्ग असल्याने दोन नळ्या एकमेकींवर घासण्याचा प्रश्न नाही, पण तो क्लासिक थ्रीतही नाही. कार्डिऑलॉजी फोरमध्ये मंद मर्मर अधिक स्पष्ट येतो, हे खरं. मर्मर सिस्टोलिक (हृदय आकसतानाचा) की डायस्टोलिक (सैल होतानाचा) हे मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या ठोक्याशी ताडून सांगता येत नसेल, तर त्या स्पष्टतेचा उपयोग शून्य.

रक्तदाब मोजताना चेस्टपीस पट्ट्याखाली कोंबण्याची खोड सार्वत्रिक आहे. पट्टा कोपराच्या खळग्याच्या वर ठेवावा आणि चेस्टपीस ब्रेकियल धमनीवर मोकळा.

आता नळी. ती पीव्हीसीची आहे, लेटेक्स नाही. उघड्या मानेला लागून राहिली की त्वचेचं तेल शोषते, कडक होते आणि शेवटी चेस्टपीसच्या दांड्याशी किंवा फाट्यापाशी तडकते. कॉलरवरून अडकवावी, खिशात ठेवताना तीव्र घडी घालू नये, उन्हात तापणाऱ्या गाडीत टाकू नये. दोन रुग्णांमध्ये ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने चकती, कडा आणि नळी पुसावी. हात स्वच्छ करायचं सॅनिटायझर यासाठी वापरू नये, त्यातले इतर घटक भाग खराब करतात. द्रवात बुडवणं, ऑटोक्लेव्हमध्ये घालणं दोन्ही वर्ज्य. कानाची टोकं अधूनमधून काढून मळ साफ करावा. आवाज हळूहळू मंद होत गेला, तर आपल्या कानांवर शंका घेण्याआधी ही टोकं तपासावीत.