टेकडीवरचे सेन्सर: पाळ्या कशा लावायच्या?

पुण्यातल्या वेताळ टेकडीवरचं गवत उन्हाळ्यात कोरडंठाक होतं आणि वणव्याची खबर पहिल्या काही मिनिटांत मिळाली तरच तिचा उपयोग. त्यासाठी सेन्सर लावणार असाल तर आधी बॅटरीचं बोला. सेन्सरमधला निरोप पाठवणारा-ऐकणारा रेडिओ, सीसी२४२० चिपसारखा, नुसता ऐकत बसला तरी सुमारे १९ मिलिअँपिअर खातो. २५०० मिलिअँपिअर-तासांचे सेल साडेपाच दिवसांत संपतात. रेडिओला मधूनमधून डुलकी देऊन ते आठवड्यांवर नेता येतं. त्यापुढे जायचं तर जादा सेन्सर लावून पाळ्या कराव्या लागतात: काही जागे, बाकीचे झोपलेले.

प्रत्येकाने आपल्या मर्जीने झोपावं-उठावं, ही सर्वांत सोपी पद्धत. घड्याळं जुळवायला नकोत. पण एका जागेवर ५ सेन्सरांची नजर असेल आणि प्रत्येक जण एक-पंचमांश वेळच जागा असेल, तर पाचही एकदम झोपलेले सापडण्याची शक्यता ३३ टक्के भरते. तापमानाच्या नोंदींना चालेल. वणव्याला मुळीच नाही.

दुसरी पद्धत गटांची: कारखान्यातल्या पाळ्यांसारखे गट, प्रत्येक गट एकट्याने सगळी जागा सांभाळणारा. एक सेन्सर एकाच गटात घालायचा, असं सहज सुचतं आणि तिथेच बॅटरी वाया जाते. खाण, पायवाट, देऊळ या तीन जागा घ्या. पहिला सेन्सर खाण-पायवाट बघतो, दुसरा पायवाट-देऊळ, तिसरा देऊळ-खाण. कुठल्याही दोघांत काम भागतं. प्रत्येकाची बॅटरी ४ आठवड्यांची धरली, तर एक जोडी ४ आठवडे चालते आणि तिसरा एकटा निरुपयोगी उरतो. त्याऐवजी तिन्ही जोड्या दोन-दोन आठवडे लावा: पहारा ६ आठवडे, त्याच सेलांवर! मात्र घड्याळं सरकतात. दशलक्षात २० चा फरक म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद. म्हणून पाळी बदलताना दोन्ही गट थोडा वेळ एकत्र जागे ठेवा.

तिसरीत झोपलेला सेन्सर उठून शेजाऱ्यांना हाक देतो. ओ आली तर पुन्हा झोपतो, नाही आली तर बॅटरी संपेपर्यंत पहारा देतो. एखादा सेन्सरचा डबा चोरीला गेला तरी जागा आपोआप भरते, हे मोठंच बळ. पण शेजाऱ्याचा आवाज आला म्हणजे त्याला आपली जागा दिसते असं नाही; भोकं राहू शकतात.

डबे कुठे आहेत हे माहीत असेल आणि ते तीस-चाळीसच असतील, तर मी एकमेकांत मिसळणारे, म्हणजे एक सेन्सर अनेक गटांत घेणारे, गट निवडेन. लॅपटॉपवर हिशोब होतो. पाळीवरच्या प्रत्येकाकडून तासाला एक हजेरी घ्यायची, ती चुकली की गट नव्याने पाडायचे. वर जाणारं कोणी नसेल तर तिसरी पद्धत.

रेडिओची रेंज सेन्सरच्या नजरेच्या दुप्पट असली, की जागा पूर्ण झाकली गेल्यावर जाग्या सेन्सरांची एकमेकांशी जोडणीही आपोआप होते. हे सपाटीचं गणित. डबे ठोकण्याआधी एका रविवारी सकाळी खाणीच्या काठावर उभं राहून रेंज मोजा. कागदावरचं वर्तुळ तिथे कड्यापाशी तुटतं.