किनाऱ्याची धूप रोखायला दगडी बांध की वाळूची भर?

किनारा झपाट्याने मागे सरकतो तेव्हा बहुतेकदा वाळूचा पुरवठा तुटलेला असतो. धरण नदीचा गाळ अडवते, बंदराचा धक्का किनाऱ्यालगत वाहणारी वाळू रोखतो आणि प्रवाहाच्या पुढच्या बाजूची पुळण झिजत जाते. हा तुटवडा नेमका कुठून आला हे आधी शोधा, मगच उपाय निवडा.

दगडी बांध मागची घरे आणि रस्ता लगेच वाचवतो. पण आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू ओढून नेते आणि समोरची पुळण अरुंद होते. बांध ढासळतो तो बहुधा पायथ्यातूनच, म्हणून तिथले दगड अपेक्षित खरवडीच्या (लाटा तळाची वाळू जितकी खोल उकरतील त्या) पातळीखाली न्यावे लागतात. दगडांखाली जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कापड) आणि खडीचा थर हवाच, नाहीतर मागची माती फटींतून निसटते आणि वरचा भाग खचतो. शिवाय बांध संपतो तिथून शेजाऱ्याच्या किनाऱ्याची धूप वाढते. हे मला सर्वांत अन्यायाचे वाटते.

वाळूची भर मूळ दुखण्यालाच हात घालते. भरीचे कण मूळ वाळूएवढे किंवा किंचित जाड असावेत. बारीक वाळू लवकर वाहून जाते. भर टाकल्यावर पुळण काही काळ आक्रसते, कारण वाळू पाण्याखाली पसरून उतार धरते. ते अपयश नव्हे. नेदरलँड्समध्ये २०११ साली सुमारे २.१५ कोटी घनमीटर वाळू एकाच जागी टाकून लाटावाऱ्यांना ती पसरवू दिली.

पाया उघडा पडलेल्या इमारतीसाठी बांध घाला. मागे मोकळी जागा असेल तर भरच निवडा, मात्र पुन्हा भरण्याचा खर्च आधीच धरा.