आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्या गावच्या उपकेंद्रातून : दिवाळीपासूनचा अनुभव

गेल्या दिवाळीपासून आईची औषधं आम्ही गावातल्या उपकेंद्रातून, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातून घेतोय. त्याआधी तालुक्याला खासगी डॉक्टरकडे जायचो. एसटीचं भाडं, फी, गोळ्या, वर माझा रोज बुडायचा. त्यामुळे गोळ्या संपल्या की आई म्हणायची, "आता बरं वाटतंय, कशाला परत?" बीपी वाढलं तरी बऱ्याचदा काहीच जाणवत नाही, आणि तोवर हृदय नि किडनी खराब होत राहते.

आता महिन्याच्या बीपीच्या ॲम्लोडिपिन आणि शुगरच्या मेटफॉर्मिन गोळ्या एकदम मिळतात, त्याही मोफत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. पण मला जास्त मोल वाटतं ते आशाताईंचं. त्यांच्या वहीत आईचं नाव आहे. गोळ्या न्यायला उशीर झाला की त्या दारात हजर! खासगीत कुणी असं विचारायला आलं नव्हतं. आईची गोळी आता चुकत नाही, बीपीही बरंच आटोक्यात आलंय.

उणिवाही आहेत. मध्ये शुगर तपासायच्या पट्ट्या संपल्या होत्या, एकदा गोळ्याही अर्ध्याच मिळाल्या. उपकेंद्र सांभाळणाऱ्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम मीटिंगला गेल्या की खोळंबा होतो. ई-संजीवनी या सरकारच्या ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांशी बोलता येतं, पण रेंज असली तर. किडनीच्या तपासणीला मोठ्या दवाखान्यातच जावं लागतं. सपाट भागात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र हा निकष आहे. पण लांबच्या वस्तीवरच्या म्हाताऱ्या माणसाला उपकेंद्रापर्यंतही चालवत नाही. तिथे गोळ्या घरपोच गेल्या पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

आमच्याकडची बरीच घरं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि त्यांच्या गोळ्यांत तिथेच खंड पडतो. जाणाऱ्यांनी निघण्याआधीच मॅडमना सांगून जास्त दिवसांच्या गोळ्या मागाव्यात, उपचाराचं कार्ड सोबत ठेवावं, आणि कारखान्याच्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तेच दाखवावं.

तिशी ओलांडलेल्या सगळ्यांची बीपी-शुगर उपकेंद्रात मोफत तपासतात. सकाळी लवकर, शुगरसाठी उपाशीपोटी जा आणि जुने कागद न्यायला विसरू नका.